तलाव जंगलातला, मासा कुणाचा? सामूहिक वनहक्काचा दावा भरताना

गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळालेला असतो, ग्रामसभेच्या खोलीत फ्रेम करून लावलेला असतो, आणि तरीही तलावात कंडाळ लावलं की वनरक्षक जाळं उचलून नेतो. फ्रेम उतरवून पट्टा नीट वाचला की कारण सापडतं. त्यात ‘गौण वनोपज गोळा करणे, वापरणे व विकणे’ एवढंच लिहिलेलं असतं. २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूपासून तेंदूपर्यंत आणि मधापासून टसरच्या कोशापर्यंत बरंच काही आहे, पण मासा नाही. माशाचं कलम वेगळं आहे: ३(१)(घ). मासे आणि पाणवठ्यातलं इतर उत्पन्न, चराई, आणि भटक्या समाजांचा हंगामी वापर हे सगळं त्या एका पोटकलमात आहे. दाव्यात हे पोटकलम नाव घेऊन मागितलं नसेल तर पट्ट्यात ते आपोआप येत नाही. दावा तपासणारी वरची समिती मागितलेलं कमी करते, न मागितलेलं स्वतःहून घालत नाही.

पूर्व विदर्भातल्या गावांचे असे दावे भरताना, परत आलेले दुरुस्त करताना आणि पट्टे पडताळताना जे पुन्हा पुन्हा समोर येतं, ते इथे लिहितो आहोत.

अर्जाच्या आधीचं काम म्हणजे तलाव कोणत्या जमिनीवर आहे हे शोधणं. हे टाळून थेट नमुना भरायला बसलेली गावं हमखास अडकतात. वनहक्क कायदा वनजमिनीलाच लागू होतो. मग ती राखीव असो, संरक्षित असो, अवर्गीकृत असो किंवा अभयारण्यातली असो. तलाठ्याकडून तलावाच्या गटाचा सातबारा, भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा, आणि वनपरिक्षेत्र कार्यालयातून कक्ष क्रमांक (कक्ष म्हणजे वनखात्याने क्रमांक दिलेला जंगलाचा तुकडा) असलेला नकाशा, असे तीन कागद एकाच टेबलावर पसरावेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, इथे सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे त्यातले लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारेकडे आले. कागदावर तलाव जिल्हा परिषदेचा, पण पाण्याखालची अर्धी जमीन वनखात्याच्या कक्षात, असं सर्रास दिसतं. अशा वेळी दोन्ही गोष्टी दाव्यात खऱ्या आहेत तशा लिहाव्यात: कोणता गट, किती हेक्टर, कोणता कक्ष. धरणासाठी १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली वनजमीन वळती केली असेल तर तेवढ्याने तिचा वनजमीन हा कायदेशीर दर्जा जात नाही. म्हणून ‘आता तो पाटबंधाऱ्याचा झाला’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत फिरू नये.

तलाव पूर्णपणे महसूल किंवा जिल्हा परिषदेच्या जमिनीवर निघाला, तर रस्ता दुसरा. तिथे मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत ठेका, आणि गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनासाठी पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. ती वेगळी प्रक्रिया आहे, तिचे कागद वेगळे. दोन्हींची सरमिसळ करून दिलेला अर्ज कुठल्याच टेबलावर टिकत नाही.

हा खटाटोप कशाला, नुसती परवानगी मागून भागणार नाही का, असं बरेच जण विचारतात. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ मध्ये राखीव वनात नियम मोडून मासे मारणं, पाण्यात विष घालणं आणि सापळे लावणं हे एका दमात गुन्हे म्हणून आलं आहे. संरक्षित वनासाठी कलम ३२ खाली शासन तसेच नियम करू शकतं. परवानगी देणारा ती काढूनही घेतो. अधिकारी बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. वनहक्क कायदा हक्क नव्याने देत नाही, आधीपासून चालत आलेला हक्क नोंदवतो. त्यामुळे दाव्याची भाषाही मागणीची नको, वहिवाट सांगणारी हवी. ‘मासेमारीची परवानगी मिळावी’ असं लिहिलेला ठराव वाचताक्षणी समजतं की तो कुणीतरी जुन्या अर्जावरून उतरवला आहे.

ग्रामसभा गावाची किंवा पाड्याची घ्यावी. गट ग्रामपंचायतीची एकत्र ग्रामसभा घेतली तर गणपूर्तीच होत नाही. ग्रामसभेच्या किमान निम्म्या सदस्यांची हजेरी लागते, हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात, आणि दाव्याचा ठराव असेल तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे तरी लागतात. या तीन अटींपैकी स्त्रियांच्या हजेरीवर दावे सगळ्यात जास्त अडकतात. बायका सभेला येतात, पण हजेरीपत्रकावर सही राहून जाते, कारण वही पुरुषांच्या बाजूने फिरून परत येते. दोन वह्या ठेवल्या की प्रश्न संपतो. ग्रामसभेने निवडलेल्या, दावे पडताळणाऱ्या वन हक्क समितीत १० ते १५ जण, त्यांत दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश स्त्रिया. जुनी समिती असेल तर आधी तिची रचना या हिशेबात बसते का ते तपासावं. वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीआधी अनुसूचित जमातीचं प्रमाण कमी होतं, त्यामुळे त्या काळात झालेल्या कित्येक समित्या आजच्या नियमात बसत नाहीत.

मग नमुना ‘ब’. सामूहिक हक्कांचा हा नमुना जेमतेम पान-दीड पानाचा. त्यात मुद्दा १ निस्ताराचा (सरपणासारख्या रोजच्या गरजांसाठी जंगल वापरण्याच्या हक्काचा), मुद्दा २ गौण वनोपजाचा, आणि मुद्दा ३ च्या पहिल्या पोटभागात मासे व पाणवठे. छापील नमुन्यात त्या ओळीपुढे बोटभर जागा असते. तिथे ‘होय’ किंवा ‘आहे’ लिहून पुढे जाऊ नये. ‘सोबतचे परिशिष्ट पाहा’ असं लिहावं आणि परिशिष्टाचं स्वतंत्र पान जोडावं. त्या पानावर आम्ही पाच गोष्टी मागतो: पाणवठा कोणता, तो कुठे आहे, मासे कशाने धरतात, कधी धरतात, आणि धरलेल्या माशांचं काय करतात.

पाणवठे नावानिशी लिहायचे. मोठा तलाव कुणी विसरत नाही. राहून जातात ते नाल्यातले डोह, बोड्या (लहान तळी), नदीचा गावाच्या हद्दीतला पट्टा, आणि तलावाचा सांडवा. पहिल्या पावसात चढणीचे मासे सांडव्याच्या खालून वर यायला धडपडतात, आणि बांबूचे सापळे लागतात ते तिथेच, तलावाच्या पात्रात नाही. पट्ट्यात फक्त ‘तलाव’ असेल तर सांडव्याखालचा नाला हक्काबाहेर राहतो. प्रत्येक पाणवठ्यापुढे कक्ष क्रमांक किंवा गट क्रमांक, आणि ठाऊक असेल तर क्षेत्र.

साधनं लिहिताना फेकजाळं, कंडाळ, ओढजाळं, गळ, हाताने चाळायची लहान जाळी असं सगळं नाव घेऊन लिहावं. बांबूच्या सापळ्याबाबत मात्र सावध राहावं. कायद्याच्या त्याच कलमात शेवटाकडे ‘इतर पारंपरिक हक्क’ असं पोटकलम आहे आणि त्यातून वन्यप्राण्यांची शिकार आणि त्यांना सापळ्यात धरणं वगळलेलं आहे. पडताळणीला आलेला एखादा कर्मचारी ‘सापळा’ दिसला की हाच आक्षेप लिहून मोकळा होतो. तो टिकणारा नाही, कारण मासा स्वतंत्र पोटकलमात नाव घेऊन आलेला आहे. पण एकदा आक्षेप फाईलवर चढला की दावा महिनोन्‌महिने हलत नाही. म्हणून परिशिष्टात सापळ्याचं गावातलं नाव लिहावं आणि पुढे स्पष्ट करावं: ‘बांबूच्या काड्यांचे, वाहत्या पाण्यात बसवायचे, फक्त मासे धरण्याचे साधन.’ सोबत एक फोटो लावला तर उत्तमच.

आणखी एक गोष्ट परिशिष्टात घालू नये. म्हातारी माणसं पद्धती सांगताना गेळाची फळं किंवा एखाद्या झाडाची साल कुटून डोहात टाकण्याबद्दलही सांगतात. ती जुनी रीत आहे यात शंका नाही. पण पाण्यात विष घालायला आणि सुरुंग लावायला १८९७ पासून कायद्याने बंदी आहे, आणि वनकायद्यातही तो गुन्हा आहे. अशी एक ओळ सगळ्या दाव्यावर बोट ठेवायला जागा देते.

माशांचं काय करतात या मुद्द्यावर ‘स्वतःच्या उपजीविकेसाठी’ एवढंच लिहायची सवय दिसते. गाव आठवडी बाजारात मासे विकत आलं असेल तर ‘घरी खाणे, वाटणे व विकणे’ असं तिन्ही लिहावं.

पुराव्यांची भीती उगाच घातली जाते. वनहक्क नियमांतल्या नियम १३ खाली एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, म्हणजे दोन भिन्न पुरावे जुळले की पुरे. अमुकच कागद हवा असा हट्ट समित्यांना धरता येत नाही, असं नियम १२अ मध्ये सरळ लिहिलेलं आहे. विदर्भात आपल्याकडे दोन जुनी कागदपत्रं आहेत, त्यांच्याइतकं वजन दुसऱ्या कशाला नाही: निस्तारपत्रक (गावाच्या निस्तार हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रूढींची नोंद). जमीन महसूल संहितेतही वाजिब-उल-अर्जात नोंदवायच्या रूढींमध्ये मासेमारीचा हक्क नाव घेऊन दिलेला आहे. तहसीलच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करताना गावाचं जुनं नाव, बंदोबस्त क्रमांक (जुन्या सारा आकारणीतला गावाचा क्रमांक) आणि त्या वेळचा तालुका लिहावा. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, त्यामुळे तिथल्या गावांच्या जुन्या नकला बऱ्याचदा चंद्रपुरात निघतात. गावाचं आजचं नाव देऊन ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर आलं, तर जुन्या नावाने पुन्हा अर्ज करावा.

नोंदीत कधी कधी उलटं काही सापडतं: मासे धरायला मालगुजाराची परवानगी लागे, किंवा मासळीचा हिस्सा त्याला द्यावा लागे. अशी नकल लपवू नये. हिस्सा द्यावा लागत होता, म्हणजे गाव मासे धरत होतं हे त्यातून सिद्धच होतं. तीच गोष्ट ठेक्याच्या पावत्यांची. गावातल्या धीवर (मासेमार) बांधवांच्या संस्थेने तलाव ठेक्याने घेतला असेल तर त्या पावत्या वहिवाटीचा पुरावा आहेत. संस्थेचे लोक दाव्याला घाबरतात, कारण ग्रामसभेला हक्क मिळाला की आपला ठेका जाईल असं त्यांना वाटतं. दावा भरण्याआधी त्यांच्याशी बसून बोलणं आणि चालू ठेक्याची मुदत, सोडलेली बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं), जाळी यांचा हिशेब ठरावात लिहून घेणं, हे काम वगळलं तर विरोध गावातूनच उभा राहतो. वनखात्याचा आक्षेप नियमाने खोडता येतो, गावातला खोडता येत नाही.

ज्येष्ठांचा जबाब हा पुरावा चालतो, पण नियमात ‘दावेदारांव्यतिरिक्त’ असा शब्द आहे. सामूहिक दाव्यात सगळं गावच दावेदार. म्हणून जबाब शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा घ्यावा, ज्याने या गावाला त्या तलावात मासे धरताना पाहिलं आहे. जबाबात वर्षं मोजत बसण्यापेक्षा ‘अमुक दुष्काळात तलाव आटला तेव्हा’, ‘बांध फुटला त्या साली’ अशा खुणा असाव्यात. प्रत्यक्ष जागेवरच्या खुणाही चालतात: घाट, पाळीवरचं (तलावाच्या बांधावरचं) देवस्थान, डोंगे ओढायची जागा, सांडव्यात सापळे बसवायला रचलेले दगड.

धीवर, ढिवर, कहार, भोई हे समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातींच्या यादीत आहेत. म्हणून कायद्यात ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहिल्याचं दाखवावं लागतं. ही अट राहण्याची आहे, जमीन ताब्यात असण्याची नाही. इथे दावा दोन तुकड्यांत फोडू नये. नमुन्यात वरच ‘अनुसूचित जमाती समुदाय’ आणि ‘इतर पारंपरिक वननिवासी समुदाय’ अशा दोन ओळी आहेत. गाव मिश्र असेल तर दोन्हींपुढे होय लिहावं. सगळं गाव गोंड आहे असं दाखवून दावा करायचा आणि नंतर जाळी मात्र धीवरांची, यातून पुढे भांडणंच निघतात.

पडताळणीची तारीख वन हक्क समिती ठरवते आणि वन व महसूल विभागांना लेखी कळवते. पत्राची पोच घ्यावी, शिक्क्यासकट. पोच असेल आणि कुणी आलंच नाही, तर पंचनामा करून समितीने काम पूर्ण करावं. ‘आमचा माणूस हजर नव्हता’ असा आक्षेप नंतर आला तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही प्रतिनिधी आले नाहीत तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. ही तरतूद १२अ मध्ये आहे आणि तिची प्रत खिशात असलेली बरी. हजर राहिलेल्या कर्मचाऱ्याने पदनाम, तारीख आणि काही म्हणणं असेल तर ते लिहून सही करायची असते. कोऱ्या जागेवर नुसती सही घेऊ नये.

पडताळणी शक्यतो दिवाळीच्या आसपास करावी. मे महिन्यात जीपीएस घेऊन पाण्याच्या कडेने फिरलं की तलाव अर्धाच नोंदला जातो. कडेची सुकलेली जमीन, जिथे गाळपेर (ओसरत्या पाण्याच्या गाळावरची पेरणी) होते, ती नकाशातून बाहेर पडते. पावसाळ्यात तिथेच पाणी भरतं आणि सगळ्यात जास्त मासे त्या उथळ भागात येतात. उन्हाळ्यातच पडताळणी करायची वेळ आली तर पाण्याची कड सोडून पूर्ण भरल्या पातळीच्या खुणेवरून फिरावं. सांडव्याचा माथा ही पातळी दाखवतो. त्याच उंचीवर पाळीवरच्या दगडांवर पाण्याची रेघ दिसते. पंचनाम्यात ‘पूर्ण संचय पातळीनुसार’ असे शब्द यायला हवेत.

एक तलाव आणि काठाला तीन गावं, हा प्रकार नेहमीचा. तिन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसून वाटणी लिहून काढावी: कोणत्या गावाची कोणती कड, ओढजाळं कोणी कधी ओढायचं, सांडवा कुणाकडे. पाण्यात रेघ ओढता येत नाही, त्यामुळे दिवसांची वाटणी कड वाटण्यापेक्षा जास्त टिकते. तिन्ही ग्रामसभांचे एकाच मजकुराचे ठराव जोडले की वर प्रश्न येत नाही. एकमत झालंच नाही तर वाद उपविभागस्तरीय समितीकडे जातो, आणि मग तो कधी सुटेल ते सांगता येत नाही.

ग्रामसभेच्या मंजुरीनंतर दावा उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पूर्ण संच तीन प्रतींत करावा, प्रत्येक पानाला क्रमांक घालावा, आणि एक प्रत गावात ठेवावी. सोबतच्या पत्रात जोडलेल्या प्रत्येक कागदाचं नाव आणि पानसंख्या असावी, नाहीतर निस्तारपत्रकाची नकल फाईलमधून गायब झाली तर ती होती हेच दाखवता येत नाही. समितीचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो. हे दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून निर्णय लेखी मागावा. ‘तुमचं नामंजूर झालं’ हे तोंडी ऐकून घरी येऊ नये.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातल्या पाण्याची गोष्ट जास्त नाजूक आहे. पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोह जलाशयात मध्य प्रदेश शासनाने दिलेले ३०५ मासेमारी परवाने सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९९७ च्या निकालात न्यायालयाने ते रद्द केले नाहीत, पण अटी घातल्या: परवान्यावर फोटो, परवाना दुसऱ्याला देता येणार नाही, उद्यानाच्या इतर भागात शिरायचं नाही, काठावर आग पेटवायची नाही, रोज धरलेल्या माशांची नोंद. वनहक्क कायदा त्यानंतर आला आणि त्याच्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यं व राष्ट्रीय उद्यानंही आहेत, त्यामुळे तिथे दावा करता येतो. पण दाव्यासोबत ग्रामसभेने स्वतःच असे नियम ठरवून जोडले तर समितीपुढे बोलायला बळ मिळतं.

पट्टा हाती आला की सही करून घेण्याआधी, तिथेच, वाचावा. मासे हा शब्द आहे का. पाणवठ्यांची नावं परिशिष्टाप्रमाणे आहेत का. ‘वनविभागाच्या पूर्वपरवानगीने’ यासारखी कायद्यात नसलेली अट घुसली आहे का. पट्ट्यावर जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकास विभागाचा अधिकारी अशा तिघांच्या सह्या लागतात. चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज आवक शिक्क्याने द्यावा.

पुढचं व्यवस्थापन ग्रामसभेच्या हातात. नियम थोडेच असावेत आणि जाळ्याच्या आसावर, म्हणजे छिद्राच्या मापावर, बोलणारे असावेत. आस मोजताना भिजलेलं जाळं ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर घ्यावं. सुकं, सैल जाळं मोजलं की प्रत्येकाचं माप वेगळं येतं आणि भांडण तिथेच सुरू होतं. चढणीच्या दिवसांत सांडव्याची पूर्ण रुंदी सापळ्यांनी बंद करू नये. त्या वेळी वर येणाऱ्या माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात, म्हणून मधली वाट मोकळी ठेवायची. कंडाळ रात्रभर लावलं तर पहाटेच उचलावं. त्यात अडकलेलं कासव श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं, आणि गोड्या पाण्यातल्या कासवांच्या कित्येक जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडायची असेल तर विकत घेताना पिशवीत थाई मांगूर मिसळलेला नाही ना हे बघून घ्यावं. त्याच्या पालनाला बंदी आहे, आणि एकदा तलावात शिरला की तो बाकीचे मासे खात सुटतो. तलाव आटवल्याशिवाय तो निघत नाही.